नव्या घरी आलेला साप

मुलुंडकरांना साप नवा नाही. पश्चिमेकडील वसाहती जिथे संपतात, तिथूनच संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर सुरू होतात. पावसाच्या पहिल्या सरी कोसळल्या आणि बिळांत पाणी शिरले की धामण, दिवड, क्वचित नाग आणि घोणसही इमारतींच्या आवारात किंवा गटाराच्या कडेला दृष्टीस पडतात. मग कोणीतरी सर्पमित्राला बोलावतो, तो साप पिशवीत घालून नेतो आणि वस्ती सुटकेचा निःश्वास टाकते. हा साप आपल्याकडे येतो तो वाट चुकून. परंतु अलीकडे आपल्या उपनगरांत आणखी एका वाटेने साप येऊ लागला आहे. पैसे मोजून, खोक्यात घालून, पाळण्यासाठी त्याला घरी आणले जाते. त्या सापाविषयी हे चार शब्द.

गेल्या वर्षी पास्काचा सण आटोपल्यानंतर, ऐन मे महिन्यात, आमच्या धर्मग्रामातील एका कुटुंबाने मला घरी बोलावले. घराला आशीर्वाद द्यायचा नव्हता की आजाऱ्याला प्रभुभोजन द्यायचे नव्हते. “फादर, एकदा येऊन जा. तीन आठवडे घरात कोणाला धड झोप नाही,” एवढेच त्या माउलीने सांगितले. कॉलेजात शिकणाऱ्या तिच्या मुलाने साठवलेल्या पैशांतून एक बॉल पायथन आणला होता. हा आफ्रिकेतील बिनविषारी, छोटा अजगर. साप रात्रभर काचेच्या पेटीत येरझारा घालत होता, कोपऱ्याकोपऱ्यात तोंड खुपसत होता, झाकणाला धडका देत होता. तीनदा उंदीर दिला, तीनही वेळा त्याने तोंड फिरवले. नाकावरचे खवले घासून लालसर झाले होते.

घरातील प्रत्येकाने या अस्वस्थतेचा आपापला अर्थ लावला होता. आईचे म्हणणे, “तो चिडलाय, एक दिवस चावणार. क्रूसाच्या खाली साप ठेवलाय या मुलानं!” शेजारीण म्हणाली, हा जोडीदाराला शोधतो आहे. वसईच्या वाडीत आयुष्य गेलेल्या आजी म्हणाल्या, “कात टाकायची वेळ आली असेल.” आणि मुलगा मोठ्या विश्वासाने म्हणाला, “फादर, त्याला माझ्याकडे यायचं असतं. मी जवळ गेलो की तो काचेवर येतो.” एकाच सापात आईला राग दिसला, शेजारणीला विरह दिसला आणि मुलाला माया दिसली. आजींचे अनुमान मात्र सापाच्या देहाशी संबंधित होते. ते या खेपेस लागू पडले नाही, तरी विचाराची दिशा योग्य होती.

आपण ख्रिस्ती माणसे सापाला भेटतो ती बायबलच्या पहिल्याच पुस्तकात, आणि ती पहिली भेट आपल्या मनातून सहसा जात नाही. त्याच बायबलात मोशेने उंचावलेला पितळी साप आहे आणि सापाच्या चतुराईचा दाखला प्रभूनेही दिला आहे, हे आपण विसरतो. पण या चिन्हांपलीकडे साप नावाचा एक साधा जीवही आहे. त्याला ऊब लागते, सावली लागते, अंग लपवायला जागा लागते. त्या घरी मला या साध्या जिवाकडे पाहणे भाग होते. माझ्या परिचयाच्या एका पशुवैद्यांना मी बरोबर नेले.

त्यांनी सापाला हातही लावला नाही. आधी पेटीकडे पाहिले. दिवाणखान्यातील लाकडी फडताळावर, दूरदर्शन संचाला खेटून पेटी मांडली होती. चारही बाजूंनी पारदर्शक काच, आत वर्तमानपत्र आणि पाण्याचे एक भांडे. वर दिवसरात्र जळणारा दिवा. मुलाने तापमापक ठेवला, तेव्हा पेटीच्या दोन्ही टोकांना ३६ अंश सेल्सिअस भरले. शिवाय रोज संध्याकाळी मित्र येत, साप हातोहाती फिरे, छायाचित्रे निघत.

आता हा प्राणी मूळचा कुठला, ते पाहू. घाना, टोगो, बेनिन या पश्चिम आफ्रिकी देशांत आणि मध्य आफ्रिकेच्या काही भागांत तो राहतो. लांबी साधारण १ ते १.५ मीटर. दिवसा तो उंदरांच्या बिळात किंवा वारुळात दडून असतो आणि काळोख पडल्यावर बाहेर निघतो. भय वाटले की डोके मध्ये घेऊन अंगाचा चेंडू करतो, त्यावरूनच त्याचे नाव पडले. अशा सापाला चहूबाजूंनी उघड्या, प्रकाशित पेटीत ठेवणे म्हणजे लपण्यात ज्याची सुरक्षितता आहे त्याला भर चौकात उभे करणे होय.

सापाच्या शरीरात आपल्यासारखी स्थिर ऊब नसते. तो जागा बदलून ती मिळवतो. थंडी वाजली की उन्हाकडे सरकतो, तापला की सावलीत जातो. म्हणून त्याच्या पेटीत एक टोक सुमारे ३१ ते ३३ अंश आणि दुसरे २५ ते २७ अंशांच्या आसपास असावे लागते. दोन्ही टोके सारखीच तापली तर तो गारव्याच्या शोधात फिरतच राहतो. सापाला बाहेरचे कान नसतात, पण जमिनीची कंपने तो जबड्यातून टिपतो. दूरदर्शनच्या आवाजाने थरथरणारे फडताळ त्याला स्वस्थ बसू देणार नव्हते. पापण्या नसल्यामुळे त्याला डोळे मिटून घेता येत नाहीत. जिभेने हवेतील गंधकण टाळूतील एका विशेष इंद्रियापर्यंत नेऊन तो जग ओळखतो. त्यामुळे रोज दहा नवे हात लागले, की रोज दहा अनोळखी जीव त्याला भेटतात.

पशुवैद्यांनी येरझारांची इतरही कारणे सांगितली. कात टाकण्यापूर्वी डोळ्यांवर दुधी झाक येते आणि साप अंग घासत फिरतो. भूक लागली की तो शोधार्थ निघतो. खवल्यांखाली बारीक किडे झाले, तर तासन्‌तास पाण्यात बसून राहतो. तोंडात फेस, श्वासाला घरघर असेल तर तो आजार होय आणि त्याला उपचारच हवा. या सापाचे डोळे स्वच्छ होते, श्वास मोकळा होता. “साप ठीक आहे,” ते म्हणाले, “बिघडली आहे ती जागा.” मुलाला वाटणाऱ्या मायेविषयीही त्यांनी सौम्यपणे सांगितले, की साप काचेजवळ येतो तो हालचाल आणि ऊब जाणवल्यामुळे, कदाचित बाहेर पडण्याची वाट शोधताना. मुलाचा चेहरा उतरला. पण खरे ऐकण्याचे धैर्य त्याच्यात होते.

ही गोष्ट आपल्या मुलखातील जुन्या जाणत्यांना ठाऊक होती, असे मला वाटते. सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळ्यात नागपंचमीपूर्वी पकडलेले नाग मडक्यात ठेवत. तमिळनाडूत १९७८ साली स्थापन झालेली इरुला सर्पधारकांची सहकारी संस्था लसीसाठी सापांचे विष काढते. तिथेही साप तोंडाला कापड बांधलेल्या मातीच्या मडक्यांत ठेवतात आणि काही आठवड्यांनी रानात सोडून देतात. मडक्यात काळोख असतो, गारवा असतो, अंगाला चहूबाजूंनी आधार असतो. मडक्यातील नाग स्वस्थ असे, आणि तोच नाग मिरवणुकीच्या गोंगाटात आणला की फणा उभारत असे. त्या फण्याला आपण डौल म्हणालो, कोणी आशीर्वाद म्हणाले. वास्तविक ती भयाची खूण. गारुड्याच्या टोपलीतील नाग दूध पितो तोही भक्तीने नव्हे, कित्येक दिवस पाण्यावाचून ठेवल्यामुळे.

पुण्याच्या नीलिमकुमार खैरे यांनी १९८० साली हेच निराळ्या रीतीने दाखवून दिले. ७२ विषारी सापांसह ७२ तास ते काचेच्या एका खोलीत राहिले आणि त्यांना एकाही सापाने दंश केला नाही. साप विनाकारण चावत नाही, हे त्यांना लोकांच्या डोळ्यांसमोर सिद्ध करायचे होते. पुढे कात्रजचे सर्पोद्यान त्यांच्याच पुढाकाराने उभे राहिले. अर्थात हे धाडस अनुकरणासाठी नव्हते. त्याचा बोध इतकाच, की सापाचे वागणे हे त्याच्या भोवतालच्या परिस्थितीला दिलेले उत्तर असते.

मुलुंडच्या त्या घरात आईने निर्वाणीचे सांगितले होते: रविवारपर्यंत साप घराबाहेर. मुलगा हळूच मला म्हणाला, “फादर, मग डोंगरात सोडून देतो.” हा विचार वरवर दयाळू वाटतो, पण तो घातक आहे. परदेशी साप आपल्या रानात एक तर तडफडून मरेल, किंवा परका रोग आणि परकी स्पर्धा तिथल्या सापांवर लादेल. मी आईकडे चार आठवड्यांची मुदत मागितली. तिने तीन दिले.

पेटी आतल्या खोलीत गेली. तीन बाजूंना गडद कागद लागला. दोन्ही टोकांना अंग जेमतेम मावेल अशी लपण्याची एकेक जागा झाली. एक तर फुटक्या कुंडीचीच होती. मे महिन्यात दिव्याची गरजच नव्हती, तो काढला. थंडीसाठी उष्णता आपोआप नियंत्रित करणारे उपकरण घ्यायचे ठरले. दोन आठवडे कोणीही सापाला हात लावायचा नाही, फक्त पाणी बदलायचे. मुलाला हे सर्वांत अवघड गेले. ज्यावर प्रेम आहे त्याला स्पर्श न करता त्याची काळजी घेणे सोपे नसते. पाचव्या रात्री येरझारा कमी झाल्या. सोळाव्या रात्री त्याने उंदीर घेतला. आईने साप आपलासा केला असे मी म्हणणार नाही. पण पाण्याचे भांडे रिकामे दिसले की मुलाला पहिली हाक तिचीच असते.

आता उरला प्रश्न कागदपत्रांचा. आपल्याकडील देशी साप पाळण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे. बॉल पायथनसारख्या परदेशी प्राण्यांसाठी १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेली दुरुस्ती आणि २०२४ चे नियम आहेत. त्यांनुसार असा प्राणी बाळगणाऱ्याने त्याची नोंद करावी लागते. या तरतुदींमागे कारण आहे. जून २०२५ च्या आरंभी मुंबई विमानतळावर थायलंडहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात ४७ विषारी साप सापडले. पिशव्यांत कोंबून आणलेले असे जीव कुठून निघाले आणि वाटेत किती मेले, हे दुकानातील काचेवर लिहिलेले नसते. या मुलाकडे साधी पावतीही नव्हती. वनखात्याला खरी हकीकत सांग, असे मी त्याला म्हटले. साप कायमचा जाऊ शकतो, हे त्याला कळत होते. आठवडाभर तो गप्प होता. मग वडिलांना बरोबर घेऊन तो वनखात्याच्या कार्यालयात गेला. निर्णय काहीही लागो, सापाच्या हिताचा विचार करण्याइतका तो मुलगा आता मोठा झाला आहे.

पालकांनो, आपली मुले प्राण्याचा हट्ट धरतील, तेव्हा त्यांना नुसते नाही म्हणू नका आणि नुसते होही म्हणू नका. प्राणी कोठून आला आणि त्याला कशी जागा लागते, हे त्यांच्याबरोबर बसून शोधा. बॉल पायथन चांगल्या निगेत वीस ते तीस वर्षे जगतो. आज अठरा वर्षांचा असलेला मुलगा तेव्हा चाळिशीच्या आसपास किंवा त्यापुढे पोहोचलेला असेल, कदाचित दूरदेशी असेल. एवढ्या वर्षांत तो जीव कितीदा तरी अस्वस्थ होईल, आणि प्रत्येक वेळी आधी त्याची पेटी तपासावी लागेल. हे ज्याला मान्य असेल, त्यानेच प्राणी घरी आणावा.