वारा की पाणी? रत्नागिरीतला मे २०२५चा लाल इशारा

२४ मे २०२५ रोजी दुपारी बाराच्या सुमारास अरबी समुद्रातले एक डिप्रेशन रत्नागिरी आणि दापोली यांच्या दरम्यान किनारा ओलांडून जमिनीवर आले. डिप्रेशन म्हणजे केंद्राभोवती ताशी ३१ ते ४९ किलोमीटर वेगाने वारे फिरत असलेले कमी दाबाचे क्षेत्र. हा वेग ६२ किलोमीटरवर गेला, की हवामान विभाग त्याला चक्रीवादळ म्हणतो आणि तेव्हाच त्याला नाव मिळते. २४ मेच्या प्रणालीला नाव मिळाले नाही. तरीही त्याआधीचे आठ-दहा दिवस रत्नागिरीत एका नावाचीच चर्चा होती. मिऱ्याच्या किनाऱ्यालगत आमचे घर आहे, त्यामुळे ते दिवस जवळून पाहायला मिळाले. इशारा देणे, तो पोहोचणे, तो समजणे आणि त्याप्रमाणे हात हलणे या चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या दिवसांत स्पष्ट दिसले.

हवामान विभागाच्या इशाऱ्याला चार रंग आहेत. हिरवा म्हणजे काही करण्याची गरज नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा आणि लाल म्हणजे कृती करा. रंग संकटाचा प्रकार सांगत नाही, त्याची तीव्रता सांगतो. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे पडलेला पाऊस मुसळधार, ११५.६ पासून पुढे अतिमुसळधार आणि २०४.४ च्या वर गेला तर अत्यंत मुसळधार समजला जातो. पावसाचा आकडा या टोकाला जाण्याची शक्यता असेल, तर समुद्रात वादळ नसतानाही जिल्ह्याला लाल रंग मिळतो. मेच्या त्या आठवड्यात रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाला दिलेल्या लाल इशाऱ्याचा मुख्य विषय पाऊसच होता. पत्रकात वाऱ्याचाही उल्लेख होता, पण भर पाण्यावर होता.

लोकांनी मात्र वारा ऐकला. त्याचे कारण ‘शक्ती’ हे नाव. मेच्या मध्यापासून हे नाव मोबाइलवर फिरू लागले होते. आधी ते बंगालच्या उपसागरातल्या संभाव्य वादळाला जोडलेले होते, नंतर तेच अरबी समुद्राला जोडले गेले. उत्तर हिंदी महासागरातल्या चक्रीवादळांसाठी १३ देशांनी सुचवलेल्या १६९ नावांची यादी २०२० पासून वापरात आहे. त्या यादीत ‘शक्ती’ हे श्रीलंकेने दिलेले नाव पुढच्या क्रमांकावर होते, एवढाच त्यातला खरा भाग. चक्रीवादळ तयार झालेले नाही, असा खुलासा हवामान विभागाने केला. पण खुलाशापेक्षा नाव लवकर पोहोचते. समुद्रात वादळ नव्हते आणि घराघरात त्याचे नाव होते. आमच्या घरातूनही तो संदेश चार जणांना पुढे गेला. पाठवताना हेतू काळजीचाच होता. ते नाव प्रत्यक्षात वापरले गेले ऑक्टोबर २०२५ मध्ये, अरबी समुद्रातल्या दुसऱ्याच एका वादळासाठी.

नावाचा एवढा परिणाम का झाला, हे समजण्यासाठी आधीची तीन नावे आठवावी लागतात. ११ नोव्हेंबर २००९ रोजी ‘फयान’ अलिबाग आणि मुंबईच्या दरम्यान किनाऱ्यावर आले. त्या वेळी समुद्रात असलेल्या अनेक नौका परतल्या नाहीत. मच्छीमार वस्त्यांमध्ये आजही काळाचा हिशेब फयानच्या आधी आणि फयाननंतर असा केला जातो. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ अलिबागच्या दक्षिणेला धडकले. त्याच्या वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटरच्या वर होता. दापोली आणि मंडणगड तालुक्यांत नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या आणि कित्येक गावे अनेक दिवस विजेविना राहिली. त्याच दिवशी ‘बसरा स्टार’ हे जहाज भरकटत येऊन मिऱ्याच्या किनाऱ्याला लागले. पुढे कित्येक वर्षे ते तिथेच रुतून होते. या भागातली मुले वादळ म्हणजे काय हे त्या जहाजाकडे बघून शिकली. त्यानंतर वर्षभरातच, मे २०२१ मध्ये, ‘तौक्ते’ आले. त्याने रत्नागिरीजवळ किनारा ओलांडला नाही. ते समुद्रातून उत्तरेकडे गुजरातला गेले, पण जाताना आंबा, काजू आणि नारळाची झाडे पाडून, विजेचे खांब वाकवून गेले.

ही तिन्ही वादळे प्रामुख्याने वाऱ्याची म्हणून लक्षात राहिली. त्यामुळे लाल रंग म्हटला की रत्नागिरीकराला पडलेला माड, उडालेले पत्रे आणि ते रुतलेले जहाज आठवते. इशारा प्रत्येक जण आपल्या आठवणीच्या भाषेत वाचतो. मे २०२५ मधली निम्मी गफलत इथे झाली.

मच्छीमारांचा प्रतिसाद सर्वांत शिस्तीचा होता. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. मेचा शेवटचा आठवडा म्हणजे हंगामाच्या अखेरच्या फेऱ्यांचा काळ. वर्षभराच्या डिझेलचे आणि बर्फाचे देणे याच फेऱ्यांतून भागवायचे असते. तरी समुद्रात जाऊ नका ही सूचना आल्यावर मिरकरवाडा बंदरात नौका परत आल्या आणि एकमेकींना बांधून उभ्या राहिल्या. खलाशांचा हिशेब करून त्यांना गावी पाठवण्याची तयारी सुरू झाली. लहान होड्या वर ओढून शाकारण्याची घाई झाली. दर्यावर्दी माणसाला रंगांपेक्षा बावट्याची भाषा जवळची आहे. बंदरावर लावल्या जाणाऱ्या १ ते ११ क्रमांकांच्या संकेतांपैकी कोणता लागला, एवढे कळले की पुढे काय करायचे हे तांडेलाला समजावून सांगावे लागत नाही. तीन नंबरचा बावटा म्हणजे बंदरातच जोराचा वारा येण्याची शक्यता. सूचना आणि कृती यांची गाठ पिढ्यानपिढ्या बसलेली असल्यामुळे तिथे गोंधळ झाला नाही.

घरांमध्ये अशी गाठ नव्हती. मेचा शेवट हा कोकणात आगोटीचा काळ असतो. पावसाळ्याच्या चार महिन्यांची बेगमी याच दिवसांत होते. लाकडे भरायची असतात, सुकी मासळी डब्यांत जायची असते, आंब्याची साठे आणि रातांब्याची सालं खळ्यात वाळत पडलेली असतात. आमच्याकडे त्या दिवसांत आमसुलांना आगळाचे, म्हणजे रातांब्याच्या खारवलेल्या रसाचे, तिसरे पूट द्यायचे होते. साल आगळात बुडवायची, उन्हात वाळवायची आणि पुन्हा बुडवायची, अशी पुटे कडक ऊन असेल तरच चढतात. २१ तारखेपासून ऊन पडलेच नाही. सालं ओलसर राहिली आणि चौथ्या दिवशी त्यांवर पांढरी बुरशी दिसू लागली. ती हाताने पुसून, चुलीजवळ परातीत पसरून वाचवण्याचा प्रयत्न झाला, पण अर्धी फेकावीच लागली. बागायतदारांचे नुकसान याहून मोठे. हंगामाच्या शेवटचा आंबा झाडावर होता. पावसात भिजलेला हापूस टिकत नाही आणि त्याला भाव मिळत नाही. शेतकऱ्याची अडचण आणखी वेगळी. २५ मेच्या सुमारास रोहिणी नक्षत्र लागते आणि त्या वेळी कोरड्या जमिनीत धूळवाफेवर भात पेरण्याची इथली पद्धत आहे. त्या वर्षी धूळच राहिली नाही.

सुट्टीत गावी आलेल्या चाकरमान्यांपैकी काहींनी परतीचा दिवस अलीकडे आणला. किनाऱ्यांवरचे पर्यटक मात्र इशारा असतानाही पाण्याच्या कडेला उभे राहून फोटो काढत होते. ज्याने तो समुद्र फक्त शांत असताना पाहिलेला असतो, त्याच्यासाठी इशारा हा दुसऱ्या कोणासाठी तरी असतो.

२३ तारखेच्या संध्याकाळी वाडीत पत्रे बांधण्याचे काम सुरू होते. इथली पद्धत अशी, की जुने जाळे पडवीच्या पत्र्यांवर पसरायचे आणि त्याच्या दोऱ्या चारी बाजूंना जांभ्याच्या चिऱ्यांना आवळून बांधायच्या. निसर्गच्या वेळी ज्यांचे पत्रे उडाले होते त्यांनी हे सर्वांत आधी केले. शेजारच्या काकू खळ्यात उभ्या होत्या. त्यांनी हातातल्या मोबाइलवरचा लाल नकाशा दाखवून विचारले, “लाल म्हणजे वारा की पाणी, तेवढं सांग मला.”

त्या दिवसांत ऐकलेला सर्वांत नेमका प्रश्न हाच होता. वारा येणार असेल तर पत्रे बांधायचे, माडाखालून माणसे आणि जनावरे हलवायची, सुटे सामान आत घ्यायचे. पाणी येणार असेल तर पऱ्या, म्हणजे वाडीतला ओहोळ, साफ करायचा, तांदूळ आणि कागदपत्रे माचीवर चढवायची, दरडीखालच्या घरातून निघायचे. दोन्ही तयाऱ्या वेगळ्या आहेत. एका संध्याकाळी हाताशी असलेल्या माणसांनी दोन्ही होत नाहीत, आधी कोणती करायची हे ठरवावे लागते. त्या प्रश्नाचे उत्तर आम्ही अंदाजाने दिले, “दोन्ही असेल, पण आधी पत्रे बघू.” पत्रक उघडून वाचले नाही. वाडीतला पऱ्या दरवर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात साफ होतो. तो त्या संध्याकाळी झावळ्यांनी, पाल्याने आणि प्लास्टिकच्या पिशव्यांनी भरलेलाच राहिला.

२४ तारखेला वारा आला, पण बांधलेले एकही जाळे ताणले गेले नाही. पाऊस मात्र पहाटेपासून थांबला नाही. डोंगरावरून उतरणारे पाणी पऱ्यात मावेना, तेव्हा ते वाटेवर आले आणि वाटेवरून खळ्यात. काकूंच्या पडवीत घोट्याएवढे पाणी झाले. तिथे जमिनीवर ठेवलेले तांदळाचे पोते खालून भिजले. चार जणांनी भर पावसात उतरून कोयत्याने झावळ्या तोडून काढल्या आणि पऱ्या मोकळा केला, तेव्हा अर्ध्या तासात पाणी ओसरले. अर्ध्या तासाचे हे काम आदल्या संध्याकाळी कोरड्यात झाले असते.

ही प्रणाली चक्रीवादळ का झाली नाही, याचे कारण साधे आहे. ती किनाऱ्याच्या अगदी जवळ तयार झाली. चक्रीवादळ समुद्राच्या कोमट पाण्यावर वाढते. जमिनीवर आले, की वाफेचा पुरवठा तुटतो आणि ते विरू लागते. या डिप्रेशनला समुद्रावर वाढायला पुरेसा वेळ मिळाला नाही. ते थोडे आणखी पश्चिमेला जन्मले असते, तर गोष्ट वेगळी होऊ शकली असती. त्याच दिवशी, २४ मे रोजी, मान्सून केरळात दाखल झाला. २००९ नंतर इतक्या लवकर तो आला नव्हता. २५ मे रोजी त्याने महाराष्ट्रात प्रवेश केला आणि २६ मे रोजी तो मुंबईत पोहोचला. कोकणातली आगोट अर्धवट राहिली आणि पावसाळा सुरू झाला.

त्यानंतरच्या प्रतिक्रिया पुढच्या वादळाच्या दृष्टीने जास्त महत्त्वाच्या आहेत. नाक्यावर, दुकानात, एसटीत एकच बोलणे ऐकू येत होते, “एवढं घाबरवलं, शेवटी काय आलं? काय नाय.” ज्यांच्या नौका बंदरात थांबल्या त्यांना बुडालेल्या फेऱ्यांचे दुःख होते आणि ते खरे होते. पण आलेल्या पावसाबद्दल इशारा तंतोतंत खरा ठरला होता. न आलेले वादळ हे अफवेतले होते, पत्रकातले नव्हते. अफवा खोटी ठरली आणि तिचा दोष इशाऱ्याच्या माथी बसला. असे दोन-तीनदा झाले की लोक इशारा ऐकणेच सोडतात. पुढे एखादे खरे फयान आले, तर त्याची किंमत माणसांच्या जिवाने मोजावी लागते.

यातून काही साध्या गोष्टी निघतात. इशाऱ्याच्या पहिल्या ओळीतच ‘पाण्याचा धोका’ किंवा ‘वाऱ्याचा धोका’ असे ठळक लिहिले जावे. तीच ओळ ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून, मशिदीच्या आणि देवळाच्या ध्वनिक्षेपकावरून त्याच शब्दांत सांगितली जावी. पऱ्या साफ करण्याची तारीख जूनवरून मेच्या पहिल्या पंधरवड्यात आणावी, कारण पाऊस आता कॅलेंडर पाळत नाही. आमच्या वाडीने हे शेवटचे काम लगेच मनावर घेतले आणि वाडीच्या बैठकीत तारीख ठरवली.

वादळाचे नाव कानावर आले तर ते कोणी जाहीर केले हे आधी पाहावे, आणि हवामान विभागाने जाहीर केले नसेल तर पुढे पाठवू नये. लाल रंग दिसला तर घाबरण्याआधी पत्रक शेवटपर्यंत वाचावे. वारा की पाणी, हे त्यात लिहिलेले असते. २३ मेच्या संध्याकाळीही ते लिहिलेले होते.