नंबर लागल्यावर

मेन हे अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातलं राज्य. तिथे मूसची, म्हणजे प्रचंड आकाराच्या हरणाची, शिकार करायची तर बंदूक हवी, नजर हवी, अंगात दम हवा, हे सगळं खरंच. पण त्याआधी सोडतीत नंबर लागायला हवा. मेच्या मध्यापर्यंत अर्ज करायचा, राज्यातल्या रहिवाशाने १५ डॉलर भरायचे आणि जूनमध्ये नावं निघेपर्यंत वाट बघायची. अलीकडे वर्षाला चार हजारांच्या आसपास परवाने निघतात, आणि अर्ज त्याच्या कितीतरी पट येतात. म्हाडाच्या सोडतीत नाव घातलेल्या कुणालाही हा दिवस समजावून सांगायला नको. फरक एवढाच की म्हाडात गेल्या वर्षीची हार कुणी जमेला धरत नाही. मेनमध्ये धरतात. पहिली पाच वर्षं हरलात तर वर्षाला एक गुण, सहाव्या वर्षापासून दोन, अकराव्यापासून तीन, आणि सोळाव्यापासून दर वर्षी एकदम दहा. जितके गुण, तितक्या वेळा तुमचं नाव त्या ढिगात.

माझे इथले, मेनमधले शेजारी सोळा वर्षं कधीच ओलांडून गेलेले. कागदाच्या गिरणीत जन्म काढला, आता निवृत्त. जूनमध्ये त्यांचं नाव निघालं तेव्हा आख्ख्या गल्लीने त्यांचं अभिनंदन केलं. ते मात्र काळजीत पडल्यासारखे दिसत होते. मला वाटलं, वय झालं म्हणून असेल. नंतर कळलं, त्यांना स्वतःची भीती वाटत होती.

ती भीती काय होती ते सांगायचं तर थोडं मागे जायला हवं.

मी कोल्हापूरचा. शिकार म्हटलं की मला दाजीपूर आठवतं. एकेकाळी छत्रपतींचं राखीव शिकारीचं रान, आणि १९५८ पासून गव्यांचं अभयारण्य. आमच्याकडे रानातल्या जनावराचा प्रश्न असा दोन टोकांनी सुटला. आधी ते राजाचं होतं, नंतर १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ते कुणीच मारायचं नाही असं ठरलं. मधली पायरी, म्हणजे ते सगळ्यांचं आहे आणि म्हणून वाटून घ्यायचं, ही माझ्या ओळखीची नव्हती. मेनमध्ये ती पायरी प्रत्यक्ष चालताना पाहिली. रान बहुतेक खासगी, लाकडाच्या कंपन्यांचं. त्यात फिरायला नाक्यावर पैसे भरून शिरायचं. पण त्या रानात फिरणारं जनावर जमिनीच्या मालकाचं नाही. ते सगळ्यांचं, राज्याने फक्त सांभाळायचं. म्हणूनच मारलेल्या मूसचं मांस विकता येत नाही, वाटता येतं.

जे सगळ्यांचं आहे पण सगळ्यांना पुरणारं नाही, ते द्यायचं कुणाला? चिठ्ठ्या टाकणं हे मला सगळ्यांत कमी वाईट उत्तर वाटतं. मोजके परवाने मेनमध्ये लिलावातही जातात. पैसा चांगल्या कामाला लागतो, मुलांना निसर्गशिक्षण मिळतं, सगळं मान्य. तरी लिलावाचं नाव काढलं की मला पुन्हा राजाचं रान दिसतं, राजा फक्त बदललेला.

मूस मेनमध्ये पूर्वापार भरपूर असतील असं वाटतं, पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते फार कमी उरले होते. १९३० च्या दशकात शिकार बंद झाली. मग १९८० साली प्रयोग म्हणून ७०० परवान्यांची सोडत निघाली, आणि १९८२ पासून ती दरवर्षीची झाली. १९८३ साली शिकार बंद करावी म्हणून लोकांचं मत घेतलं, तर लोकांनीच ती चालू ठेवली. दरम्यान मूस वाढले ते कुणाच्या पुण्याईने नव्हे. १९७० आणि ८० च्या दशकांत स्प्रूस-फरची झाडं खाणाऱ्या अळीची मोठी साथ आली. कागद कंपन्यांनी मरणारं रान मैलोन्‌मैल साफ तोडलं. तोडीच्या जागी कोवळी झाडी उगवली, आणि मूसचं खाणं तेच: तांबडा मेपल, विलो, अ‍ॅस्पेनचे कोवळे शेंडे. माझे शेजारी अभिमान आणि ओशाळेपणा यांच्या मधल्या सुरात सांगतात की हे मूस आमच्या गिरणीने वाढवले.

तर त्यांची भीती. ते म्हणाले, "वीस-पंचवीस वर्षं थांबलेला माणूस रानात फार वाईट. तो जनावराकडे बघत नाही, आपल्या वर्षांकडे बघतो."

हे मला आधी कधी सुचलं नव्हतं. माझा समज असा की जी गोष्ट जन्मात एकदा मिळणार, ती माणूस जपून वापरेल. घडतं उलटं. परवाना एका जनावराचा आणि एका आठवड्याचा, सोमवार ते शनिवार. रविवारी मेनमध्ये शिकारीला बंदी. आठवडा रिकामा गेला तर साठवलेले गुण गेलेलेच असतात. मग पाचव्या दिवशी संध्याकाळी, उजेड सरत असताना, लांबवर उभ्या नराचा आडवा-तिडवा नेम घ्यायचा मोह होतो. न्यायासाठी दिलेले गुण असे बंदुकीच्या चापावर येऊन बसतात. ज्याने सोडत आखली त्याच्या मनात हे नसणार.

म्हणून त्यांनी उन्हाळाभर जी तयारी केली ती बरीचशी गोळी सुटल्यानंतरची होती. ऑगस्टमध्ये ते मला आणि त्यांच्या मुलीला अरूस्टुक काउंटीत घेऊन गेले. परवान्यावर दुसरं नाव मुलीचं, म्हणजे तिलाही गोळी घालायची मुभा. मी नुसता ओझ्याला. मला वाटलं माग काढायला शिकवतील. खूर, लेंड्या, सालीवरून शिंगं घासल्याच्या खुणा, हे सगळं त्यांनी दाखवलं, पण येता-जाता. खरा वेळ गेला तो रस्ते मोजण्यात. या जुन्या तोडवाटेवर गाडी कुठपर्यंत जाते? तिथून त्या उतारापर्यंत पावलं किती? मध्ये दलदल आहे का? हाताने फिरवायची चरखी बांधायला जाड झाड आहे का? नकाशावर ते हिरव्या पेन्सिलीने जागा रंगवत होते. जिथे जनावर मारलं तर बाहेर काढता येईल, तेवढीच जागा हिरवी. नकाशा बराचसा पांढराच राहिला. मूस दिसण्याच्या उत्तम जागा, तळी आणि पाणथळी, सगळ्या त्या पांढऱ्यात.

शिकार सप्टेंबरच्या अखेरीची, नरांची. माजाचे दिवस. या दिवसांत नर आवाजाला येतो. बर्चच्या सालीचा कर्णा करून मादीचा लांब, रडवेला हुंकार काढायचा आणि मग गप्प बसायचं. अर्धा तास, पाऊण तास. मूसची नजर साधारण, पण कान आणि नाक पक्के. वारा पाठीवर असेल तर सगळं नाटक फुकट. मला सगळ्यांत आवडली ती एक युक्ती. ते पाण्याच्या कडेला उकिडवे बसत, पत्र्याचा डबा भरून घेत आणि गुडघ्याच्या उंचीवरून पाणी हळूहळू परत पाण्यात ओतत. तळ्यात उभी मादी मुतते आहे असं नराला वाटावं म्हणून. पासष्टी उलटलेला गंभीर माणूस पहाटेच्या थंडीत हे इतक्या मन लावून करत होता की हसू यायचं राहून गेलं.

एका संध्याकाळी तसा नर आला. पलीकडच्या काठाने झाडी मोडत आला आणि पाण्यात उतरला. मी एवढं मोठं जनावर मोकळं उभं कधी पाहिलेलं नाही. खांदा माझ्या डोक्याच्या वर, पसरट शिंगांना शेवाळ लटकलेलं, नाकातून वाफ. शंभरेक पावलांवर पूर्ण आडवा उभा राहिला. मुलीने रायफल खांद्याला लावली आणि बापाकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. नाही. ती थांबली, पुन्हा पाहिलं, पुन्हा नाही. नर पाणी प्याला, आमच्या दिशेला कान वळवला आणि आला तसा निघून गेला.

परत जाताना ती गाडीत एक शब्द बोलली नाही. तंबूत पोचल्यावर तिने विचारलंच. ते म्हणाले, फुफ्फुसात गोळी बसली तरी मूस कित्येकदा काही झालंच नाही असा उभा राहतो, नाहीतर दोन पावलं टाकतो. तिथे दोन पावलं म्हणजे खोल पाणी. साडेतीनशे-चारशे किलोचं धूड अंधारात चिखलातून कोण ओढणार? सप्टेंबरात दिवसा ऊब असते. मूसचा केस आतून पोकळ, अंगाची ऊब धरून ठेवतो. रात्रभर ते तसंच राहिलं तर सकाळी मांडीच्या हाडापाशी मांस आंबलेलं असेल. तिचं म्हणणं, तीन माणसं होतो, जमलं असतं. मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी तिच्या बाजूने बोललो असतो.

त्या रात्री मला अमेरिकी लेखक थोरो आठवत होता. १८५३ साली तो याच राज्यात, चेसनकूकच्या बाजूला मूसच्या शिकारीबरोबर गेला होता. वाटाड्या जो ऐटिऑन हा पेनॉबस्कॉट जमातीचा. थोरो स्वतः बंदूक न धरता गेला, माझ्यासारखाच बघ्या. मूस मारला गेला, कातडं आणि थोडं मांस काढून घेऊन बाकी धूड तिथेच पडलं, आणि थोरोचं मन विटलं. पुढे त्याने त्यावर जे लिहिलं ते शिकारविरोधी म्हणून वाचलं जातं. मी ते आता थोडं वेगळं वाचतो. मारण्याइतकाच त्याला तो टाकून दिलेला लाल सांगाडा छळत असावा. माझ्या शेजाऱ्यांनी थोरो वाचलेला नाही. पण नकाशावरचा पांढरा भाग म्हणजे तोच सांगाडा टाळण्याची खटपट.

पुढे एका सकाळी, हिरव्या पट्ट्यात, जुन्या तोडवाटेवर एक तरुण नर आवाजाला आला. शिंगं बेताची. मुलीने खांद्याच्या मागे, अंगाच्या खालच्या तिसऱ्या भागात गोळी घातली. तो उभाच राहिला. तिने काडतूस पुन्हा चढवलं तोवर मागचे पाय बसले. त्यानंतर दुपारपर्यंत कुणी फारसं बोललं नाही, कारण बोलायला सवड नव्हती. कोथळा काढायला दोघे, पाय धरायला एक. मी पाय धरला होता. तो माझ्या अंगावर रेलला की मी मागे सरकत होतो. कातडं सोललं, चार फरे सुटे केले, जाळीच्या पिशव्यांत घालून सावलीत टांगले, पोकळीत बर्फाच्या थैल्या. हात कोपरापर्यंत रक्ताचे, आणि वास तांब्याचा, ओल्या गवताचा. शिकारीच्या गोष्टींत हे चार तास का नसतात, हे मला तेव्हा कळलं. यात पराक्रम काही नाही. खाटकाचं काम, खाटकाची हत्यारं नसताना.

नोंदणीच्या नाक्यावर वन्यजीव खात्याच्या मुलीने जबड्यातला एक दात उपटून छोट्या पाकिटात घातला. दात कापून त्यातली वलयं मोजली की वय कळतं. मग तिने मानेवरचा, खांद्यावरचा केस बोटांनी विंचरून पाहिला. काय शोधते म्हणून मी वाकलो. गोचीड. या दिवसांत ते खसखशीएवढे असतात, दिसतात-न दिसतात. शरद ऋतूत झुडपांच्या शेंड्यांवर ते एकमेकांना धरून झुबक्यांनी टपून बसतात, जाणाऱ्या अंगाला चिकटतात आणि पूर्ण हिवाळा त्याच एका जनावरावर काढतात. मार्च-एप्रिलमध्ये रक्त पिऊन फुगतात. वासरं त्याने मरतात. मेन आणि न्यू हॅम्पशायरमध्ये २०१४ ते २०१६ या तीन वर्षांत गळपट्टे घालून पाहिलेल्या वासरांपैकी सुमारे ७० टक्के गेली. एकेका वासरावर सरासरी ४७,००० गोचीड. बर्फ उशिरा पडू लागलं तसे गोचीड माजले. आणि मूस दाटीने राहतात तिथे ते अधिक माजतात.

म्हणून २०२१ पासून मेनच्या वायव्येकडच्या चौथ्या शिकार-विभागात माद्यांचे जादा परवाने काढायला सुरुवात झाली. दाटी कमी केली तर गोचीड कमी होतात का, उरलेली वासरं जगतात का, हे पाहण्याचा प्रयोग. ऐकायला नीट वाटतं. पण मूस वाढले लाकूडतोडीने, गोचीड वाढले बर्फ लांबल्याने, आणि हिशेब जुळवायला बोलावलं कुणाला, तर १५ डॉलर भरून वर्षानुवर्षं वाट बघणाऱ्याला. त्याला हवा असतो शिंगांचा नर. खात्याला हवी असते एक मादी कमी. मला हा प्रयोग चूक वाटत नाही. फक्त त्याला शिकार म्हणताना जीभ अडखळते. शेजाऱ्यांना असली अडचण नाही. ते म्हणतात, दाजीपूरच्या तुझ्या राजाला रानाने कधी काम सांगितलं नव्हतं, आम्हाला सांगतं आहे.

मांस गल्लीत वाटलं गेलं. आमच्या वाट्याला आलेल्याचा खिमा झाला. बायकोने केला, खाल्ला नाही. शेजाऱ्यांचे गुण शून्यावर आले, आणि आता काही वर्षं त्यांना अर्जही करता येणार नाही. यंदाच्या मेमध्ये त्यांनी मला संगणकासमोर बसवलं आणि माझा अर्ज भरायला लावला. नंबर लागलाच तर आधी बंदुकीच्या सुरक्षिततेचा वर्ग करावा लागेल, त्याला बराच अवकाश आहे. माझं नाव ढिगात एकदाच पडणार. अर्जात विचारतात: कोणते विभाग चालतील, नर हवा की मादीचा परवानाही चालेल. मी तिथे थांबलो. ते माझ्या खांद्यावरून बघत होते. म्हणाले, "मादीला नाही म्हणणार असशील तर भरू नकोस. भिंतीवर लावायला शिंगं बाजारात मिळतात."

मी मादी चालेल म्हणून खूण केली, चौथा विभागही धरला. घरी अजून सांगितलेलं नाही.