शेवंतीची रात्र

निपाणी,
चैत्र शुद्ध पंचमी

ती. वहिनींस,


रस्त्याकडच्या पट्टीत यंदा शेवंती घालायचं ठरवलंत, वाचून फार बरं वाटलं. पण त्या पट्टीच्या डोक्यावर आता मोठा दिवा आलाय, असंही तुम्ही लिहिलंय. त्या एका ओळीसाठी लगेच लिहायला बसले. वहिनी, दिव्याखाली शेवंती लावू नका.

शेवंती रात्र मोजते. दिवस मोठे असतात तोवर पानं-फांद्या वाढवते, रात्री लांबल्या की कळी धरते. आपल्याकडं उन्हाळ्यात मोठ्यात मोठा दिवस तेरा तासांच्या आसपास, डिसेंबरात सव्वाअकराच्या. एवढ्याशा फरकावर तिचं सगळं गणित चालतं. मध्यरात्री थोडा वेळ उजेड पडला, तरी ती लांब रात्र तिच्या हिशेबातून जाते. झाड हिरवंगार होतं, उंच होतं, पण कळी मागं पडते. लक्ष्मीपूजनाला दर असतो तेव्हाच पाटी रिकामी.

हे पहिल्यांदा उलगडलं ते तंबाखूवरून! अमेरिकेच्या शेतीखात्यातल्या गार्नर आणि अ‍ॅलार्ड यांच्याकडं तंबाखूची एक जात होती, मेरीलँड मॅमथ. शेतात माणसापेक्षा उंच जायची, पण उन्हाळाभर फूल नाही, मग बी कुठलं? हिवाळ्यात काचघरात मात्र लहान रोपंही फुलायची. त्यांनी भर उन्हाळ्यात कुंड्या दुपारपासून अंधाऱ्या खोपटात कोंडल्या, आणि फुलं आली. १९२० साली त्यांनी ते छापलं. पुढं १९३८ मध्ये हॅम्नर आणि बॉनर यांनी दाखवलं की झाड मोजतं ती रात्र. त्यांनी घेतलं होतं शंकेश्वर नावाचं तण, ज्याची काटेरी फळं बांधावरून येताना पदराला चिकटतात ते. ते शेवंतीच्याच कुळातलं, सूर्यफूल आणि करडईच्याही.

पॉलिहाऊसवाले हेच ज्ञान वापरतात. रोपं लहान असताना रात्री दिवे लावून कळी रोखतात, मग काळं कापड ओढून हव्या त्या वेळी फूल घेतात. उघड्या शेतातल्या बाईला ना दिवा विझवता येतो, ना कापड परवडतं.

बाकी तुम्हाला मी काय सांगावं? बहर संपल्यावर बुडाशी फुटलेल्या काश्या तुम्ही जपल्याच असतील. मे-जूनमध्ये लावा, पण सरी-वरंब्यावरच. तुमच्या मच्छे गावच्या पावसात पाणी तुंबलं की मुळं कुजतात आणि मर लागते. महिन्याभरानं शेंडा खुडा. इथं निपाणीला तंबाखूचा शेंडा खुडतात तो फूल नको म्हणून, सगळा कस पानात उतरावा म्हणून. शेवंतीचा खुडायचा तो फांद्या फुटून फुलं वाढावीत म्हणून. दोन्ही करताना माझी बोटं सारखीच चालतात, पण शेवंतीच्या वाफ्यात मन जास्त रमतं. ऑगस्टनंतर मात्र खुडू नका, कळी उशिरा येईल. मावा कोवळ्या शेंड्यावर आधी बसतो, तिथं रोज नजर असू द्या.

दिव्याकडच्या कडेला वांगी-मिरची घाला, त्यांना रात्रीशी देणंघेणं नाही. शेवंती आत, विहिरीच्या अंगाला.

हा दिवाही एकटा आलेला नाही. तुमच्या खानापूर रस्त्याला कारखाने आले, विद्यापीठ आलं. शेतजमिनीतून जाणाऱ्या हलगा-मच्छे बायपासविरुद्ध आपल्या भागातले शेतकरी किती वर्षं लढले, ते तुम्ही पाहिलंच आहे. जमीन गेली की निदान मोजता तरी येते. उजेडानं बुडालेलं पीक कुठल्या उताऱ्यावर दिसणार? रस्त्याला दिवा हवाच, रात्रपाळीहून पोरीबाळी चालत येतात. पण शेताच्या बाजूनं पत्र्याची आड लावली तर उजेड रस्त्यावरच पडेल आणि दोघांचंही भागेल. तसा अर्ज पावसाआधी द्या. दादाच्या नावानं नको, तुमच्या नावानं द्या. ती पट्टी तुम्हीच करता.

तुमची,
धाकटी नणंद