जागे राहणारा सोबती

नौपाड्यातील एक गृहस्थ रविवारच्या मिस्सेला दाराजवळच्या बाकावर बसत आणि प्रवचन संपण्यापूर्वीच निघून जात. एकदा आम्ही त्यांना टोकले. ते म्हणाले, "फादर, छाती धडधडते, श्वास कोंडतो, आता मरणारच असे वाटते." हृदयाच्या तपासणीत दोष नव्हता. पॅनिक अटॅक म्हणतात तो हाच. आम्ही अधिक प्रार्थना करण्यास सांगितले. त्यांनी ती केली. झटके थांबले नाहीत, उलट आपली श्रद्धाच उणी असल्याची टोचणी लागली. ती आम्ही लावली होती.

मग आम्ही या विषयावर वाचू लागलो. डेव्हिड क्लार्क या मानसशास्त्रज्ञाने १९८६ साली हे चक्र उलगडले : धडधडीचा मनुष्य भयंकर अर्थ लावतो, त्याने भीती वाढते आणि भीतीने धडधड. झटका बहुधा दहाएक मिनिटांत शिगेला पोहोचून ओसरतो. पण आपण उठून पळालो की, पळालो म्हणूनच वाचलो, असे मन शिकते. म्हणून भीतीशी न झुंजता तिला येऊ द्यावे, जाऊ द्यावे. अशा स्वयंसाहाय्याने पुष्कळांना गुण येतो, असे संशोधन सांगते. मात्र अधूनमधून विचारपूस करणारा जाणकार असल्यास तो अधिक येतो. कागदी पिशवीत श्वास घेण्याचा जुना उपाय आता सुचवला जात नाही.

डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली स्थापन केलेली 'इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ' ही संस्था नौपाड्यातच आहे. शासनाची 'टेलिमानस' सेवाही २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर मिळते. आम्ही यांतले काहीच सुचवले नव्हते.

आम्ही त्या गृहस्थांची क्षमा मागितली. समुपदेशकाच्या सल्ल्याने ते आता दर रविवारी एक बाक पुढे सरकतात. मिस्सेनंतर आम्ही एवढेच विचारतो, "आज कितवा बाक?" कधी ते हसून सांगतात, कधी पुन्हा मागच्याच बाकाचे नाव घेतात. जपमाळ अजूनही हाती असते. पूर्वी ती भीती घालवण्यासाठी असे, आता भीतीसह बसून राहण्यासाठी.

गेथसेमनीच्या बागेत प्रभूनेही आपली व्याकुळता लपवली नाही. शिष्यांनी जवळ जागे राहावे, एवढेच त्याने मागितले. ते झोपी गेले. आम्हीही झोपलोच होतो.