पायातले जुने बोल्ट

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्याच्या उत्तरेस किंझुआ नावाचा एक ओढा वाहतो. ओढा लहान, परंतु त्याची दरी खोल आणि रुंद. या प्रदेशातील कोळसा, तेल व लाकूड उत्तरेकडे न्यायचे, तर दरीला वळसा घालून सुमारे आठ मैलांचा अवघड मार्ग टाकावा लागणार होता. त्याऐवजी १८८२ मध्ये दरीवरच पूल बांधण्यात आला. ३०१ फूट उंच आणि २,०५३ फूट लांब असा हा लोखंडी पूल अवघ्या ९४ दिवसांत उभा राहिला. त्या वेळी जगातील सर्वांत उंच रेल्वेपूल तोच होता. त्याच्या उभारणीतील एक अभियंते ऑक्टेव्ह शनूट पुढे विमानविद्येत राइट बंधूंचे सल्लागार म्हणून प्रसिद्धीस आले.

काळ बदलला, इंजिने जड झाली. १९०० मध्ये सगळे लोखंड उतरवून चार महिन्यांत त्याच जागी पोलादी पूल उभारण्यात आला. मात्र दगडी जोती तीच राहिली आणि मनोऱ्यांचे पाय त्या जोत्यांशी जखडणारे १८८२ चे बोल्टही तसेच ठेवले गेले. वारा बाजूने रेटू लागला की त्या बाजूचे पाय उचलले जाऊ पाहतात. त्यांना खाली धरून ठेवणे हे या बोल्टांचे काम. वर हजारो टन नवे पोलाद, आणि धरून ठेवणारे हात मात्र जुनेच!

१९५९ मध्ये मालगाड्या थांबल्या. पुढे राज्याने ही जागा उद्यानासाठी घेतली. १९८७ पासून पर्यटकांच्या गाड्या पुलावरून जाऊ लागल्या. २००२ च्या तपासणीत गंजाने पोखरलेले भाग आढळले व पूल बंद झाला. दुरुस्तीही सुरू झाली. पण २१ जुलै २००३ रोजी चक्रीवादळ दरीत शिरले. सुमारे अर्ध्या मिनिटात वीसपैकी अकरा मनोरे कोसळले. सुदैवाने मनुष्यहानी झाली नाही. चौकशीत दोष सापडला तो पायातल्या गंजलेल्या बोल्टांत.

पूल पुन्हा बांधला गेला नाही. पडलेले पोलाद दरीतच राहू दिले आणि उरलेल्या मनोऱ्यांवर २०११ मध्ये पादचारी मार्ग खुला झाला. त्याच्या टोकाशी काचेची जमीन आहे. तेथे उभा राहणारा माणूस पायांखालून थेट खोल दरी पाहतो आणि पलीकडे आडवे पडलेले मनोरेही त्याच्या नजरेस पडतात.

घराला नवा रंग दिला की घर नवे झाले, असे आपण मानतो. संस्थांचे, नात्यांचेही तसेच होते. वरचे बदलणे सर्वांना दिसते, म्हणून ते उत्साहाने होते. पायाशी वाकून पाहण्याचे काम कोणाच्या कौतुकाचे नसते, म्हणून ते राहून जाते. किंझुआच्या बोल्टांनी एकशे एकवीस वर्षे भार सांभाळला, हे त्यांचे मोठेपणच. वेळीच वाकून त्यांची विचारपूस करणे, एवढेच माणसाच्या हाती होते.