फरक किती?

मागचा वीकएंड अकोल्यात गेला, नानांसाठी नवी गाडी घेण्यात. (आमचं अकोले अहिल्यानगर जिल्ह्यातलं, प्रवरेकाठचं. विदर्भातलं अकोला वेगळं. हे ऑफिसात दर सहा महिन्यांनी सांगावं लागतं :-)) नाना म्हणजे माझे वडील, निवृत्त मास्तर. पैसे त्यांच्या फंडातले, म्हणजे शहाणपणा माझा आणि खिसा त्यांचा. जुनी वॅगन आर २०१२ ची, एमएच १७. ती एक्स्चेंजमध्ये द्यायची ठरलं.

अस्मादिक सॉफ्टवेअरवाले. तीन टॅबची एक्सेल शीट घेऊनच शनिवारी एकटा शोरूममध्ये गेलो. तिथल्या मुलाने गाडीभोवती एक चक्कर मारली, २०२७ मध्ये पंधरा वर्षं भरणार आणि पुनर्नोंदणी करावी लागणार याची आठवण करून दिली, आणि म्हणाला, "सर, डायरेक्ट फरकच सांगतो ना. सहा लाख पंचावन्न."

हिशोब असा: नवी गाडी ऑनरोड ७,८५,०००. जुनीचे १,१०,०००, वर एक्स्चेंज बोनस २०,०००.

मी म्हटलं, जुन्या गाड्यांचा एक व्यापारी १,४५,००० द्यायला तयार आहे. थोडं आत-बाहेर झालं. मग मॅनेजर स्वतः आले. "चला सर, तुमच्यासाठी एक पंचेचाळीस." पस्तीस हजार वाढवले की राव! मी शीळ घालत घरी आलो.

रात्री आकडे शीटमध्ये भरले तर फरक आला ६,५०,०००. वाढले पस्तीस, वाचले फक्त पाच! दोन्ही कोटेशनं शेजारी ठेवली तेव्हा बग सापडला. दुसऱ्या कागदावर नवी गाडी ८,१५,००० ची झाली होती. आधीची तीस हजारांची सवलत गुपचूप गायब. खोटं कोणीच बोललं नव्हतं. मीच जुन्या गाडीच्या आकड्याकडे टक लावून बसलो होतो.

नाना ओट्यावर बसून ऐकत होते. म्हणाले, "तू फरकावर बोलायला लागलास, तिथंच फसलास."

मग राजूरच्या बाजाराची गोष्ट निघाली. आमच्या भागातली डांगी जनावरं प्रसिद्ध, राजूरला त्यांचं प्रदर्शनही भरतं. लहानपणी नाना आजोबांबरोबर बैल बदलायला गेले होते. रुमालाखाली बोटं धरून सौदा चाललेला. समोरचा सारखं एकच विचारत होता, "वर किती देता?" आजोबा उत्तरच देईनात. "आधी माझ्या बैलाचं बोल. मग तुझ्या बैलाचं बोलू. वरचं काय, ते पोरगंसुद्धा सांगेल." ते पोरगं म्हणजे नाना.

रविवारी नाना बरोबर आले. खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाले, "जुनी गाडी द्यायची नाही असं समजा. नवी केवढ्याला?" परत ७,८५,००० वर आलं. नानांनी ते कागदावर लिहून सहीसकट घेतलं. मगच म्हणाले, "आता आमची. बाहेर एक पंचेचाळीस मिळतात." बरीच ओढाताण होऊन जुनीचे १,२५,००० आणि बोनस २०,००० ठरले. बोनस एक्स्चेंज केलं तरच मिळतो, त्यामुळे तो जुन्या गाडीच्याच खात्यात धरायचा. फरक ६,४०,०००, बाहेर विकून पडला असता तेवढाच. शिवाय कागदपत्रं एकाच ठिकाणी. माझी शीट खिशातच राहिली.

विम्याचं मात्र मी वाचून गेलो होतो. नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. नानांनी कित्येक वर्षांत क्लेम केला नव्हता, त्यामुळे तो कमाल म्हणजे ५० टक्के झालेला. गाडी दिल्याचा कागद दाखवून विमा कंपनीकडून पत्र घ्यायचं. ते तीन वर्षं चालतं. नव्या विम्यातल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर तेवढी सूट मिळते (थर्ड पार्टीवर नाही). शोरूमच्या कोटेशनमध्ये ही सूट धरलेलीच नव्हती. चला, तेवढी तरी इज्जत राहिली.

आणि शेवटचं, सगळ्यात महत्त्वाचं. गाडी दिली म्हणजे सुटलो, असं नाही. २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की गाडी पुढे कितीही हात फिरली, तरी आरसीवर ज्याचं नाव तोच कायद्याने मालक, आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारीही त्याची. म्हणजे कोणीतरी अनोळखी माणूस गाडी ठोकणार आणि नोटीस सत्तरीतल्या मास्तरांना येणार! १ एप्रिल २०२३ पासून अधिकृत डीलरला गाडी देताना फॉर्म २९ सी ऑनलाइन भरता येतो. मग पुढची जबाबदारी डीलरची. आम्ही आधी डीलरचं अधिकारपत्र बघितलं, फॉर्म भरला, पोचपावती घेतली. पावतीवर तारखेबरोबर वेळही नानांनी लिहायला लावली. मग किल्ल्या दिल्या, दोन्ही.

परतताना नव्या गाडीत नाना गप्पच होते. मला वाटलं, आकडा चुकला की काय. म्हटलं, "काय झालं?"

"काही नाही. त्या गाडीचा मागचा डावा दरवाजा जरा जोरात ओढावा लागतो. सांगायचं राहिलं त्यांना."

घरी आल्यावर त्यांनी शोरूमला फोन करून ते सांगितलं.