नखाएवढ्या तिसऱ्या

गेल्या मार्चमधली गोष्ट. आई तापातून उठली होती. तोंडाला चव नव्हती, पेजेवर दिवस काढत होती. काय आणू म्हणून विचारलं तर म्हणाली, "तिसऱ्यो मेळ्ळ्यार पळय."

मासळी बाजारात तीन-चार जणींना विचारलं. एकीकडे मिळाल्या. लहानपणी तिसऱ्या शेकड्यावर मोजून मिळत, तेव्हा मोजणारीचे हात बघत उभं राहायला मजा वाटायची. आता वाटा. त्या वाट्याची किंमत ऐकून घासाघीस करावीशी वाटली, पण आजारी माणसासाठी न्यायच्या म्हणून मुकाट पैसे दिले आणि घरी आलो. आईने त्या ताटात ओतल्या, बोटांनी चाळल्या आणि ताट माझ्याकडे सरकवलं.

"हीं भुरगीं रे! व्हर, न्हंयत सोड."

खरंच लहान होत्या. माझ्या करंगळीच्या नखाएवढ्या. मी म्हटलं, अगं आता बाजारात अशाच येतात. आपण नाही खाल्ल्या तर दुसरं कोणी खाईल, नदीला काय फरक पडणार? आणि एव्हाना मेल्यासुद्धा असतील. तिने त्यातली एक किंचित उघडी पडलेली तिसरी उचलली आणि नखाने टकटक केलं. शिंपला हळूच मिटला. "जिवी आसा," ती म्हणाली. "दुसरे खातात जाल्यार खांव दी. म्हजे आदोळेर नाका."

संध्याकाळ झाली होती. त्या वेळी नदीवर कोण जाणार? मी बादलीत मिठाचं पाणी केलं, तिसऱ्या त्यात सोडल्या आणि पाटाजवळ बसून राहिलो. इतकी वर्षं तिसऱ्या खाल्ल्या, पण जिवंत तिसरीकडे पाच मिनिटं टक लावून मी कधी पाहिलं नव्हतं.

अर्ध्या तासाने एकीचे शिंपले किंचित विलगले. आतून दोन चिमुकल्या नळ्या बाहेर आल्या. एका नळीतून पाणी आत जातं, दुसरीतून बाहेर. मधे असतात कल्ले, म्हणजे माशाला असतात तशा श्वासाच्या चाळण्या. पण तिसरीचे कल्ले श्वासाबरोबर जेवणही मिळवतात. त्यांच्यावरचे सूक्ष्म केस सतत हलत राहतात, पाणी ओढतात आणि त्यातलं बारीक शेवाळ, कुजका कण चिकट पदार्थात अडकवून तोंडाकडे ढकलतात. जे नको ते वेगळं गुंडाळून बाहेर टाकलं जातं, ते तळाला बसतं आणि तिथले किडे त्यावर जगतात. एक तिसरी दिवसाला कित्येक लिटर पाणी असं गाळते. तळाला लाखो तिसऱ्या असल्या तर सगळी नदीच गाळणीतून जाते म्हणा ना. पाणी निवळतं, ऊन खालपर्यंत पोचतं. या कामाचं बिल तिसरीने अजून कोणाला पाठवलेलं नाही.

तिसरीला डोकं नसतं. मेंदूही नसतो, मज्जातंतूंच्या दोन-चार गाठींवर सगळा कारभार. हृदय मात्र असतं, आणि गंमत अशी की आतडं त्या हृदयातूनच आरपार जातं. पाय एकच, जिभेसारखा. तो ती चिखलात खुपसते, त्याच्या टोकात रक्त भरून ते फुगवते, की झाला नांगर तयार. मग आखडून शिंपला खाली ओढून घेते. माझं आजोळ सांकवाळचं. तिथे सुकतीच्या वेळी बायका चिखलात वाकून नुसती दोन भोकं बघत चालायच्या, आणि बरोबर तिथेच बोटं घालायच्या. ती भोकं या दोन नळ्यांची. आम्ही पोरं मात्र चिखल तुडवून भोकं बुजवायचो आणि शिव्या खायचो.

आईच्या स्वयंपाकघरातले नियम आठवू लागलो तर प्रत्येकामागे काहीतरी कारण सापडत गेलं. मिठाच्या पाण्यात ठेवायच्या, का? तर पाणी गाळता गाळता पोटातली रेव बाहेर पडावी म्हणून. शिंपला उघडा असेल आणि टकटक करूनही मिटत नसेल तर फेकायची. का? शिंपल्यांच्या सांध्याशी एक चिवट पट्टी असते. ती स्प्रिंगसारखी शिंपले सतत उघडायला बघते. मिटून धरायचे कष्ट आतले स्नायू करतात. म्हणजे मिटलेली तिसरी ही मेहनत करणारी तिसरी. मेली की स्नायू सैल पडतात आणि पट्टी जिंकते. उकळत्या पाण्यात तोंड उघडतं तेही याचमुळे. आणि लहान तिसऱ्या घ्यायच्या नाहीत, हा शेवटचा नियम. तो मात्र मला नुसता हळवेपणा वाटायचा.

तो हळवेपणा नव्हता. तिसऱ्यांमध्ये नर-मादी वेगळे असतात, पण भेटत नाहीत. दोघेही आपापलं बीज पाण्यात सोडून देतात. मादी लाखांनी अंडी सोडते. त्यातून निघालेली पिल्लं दोन-तीन आठवडे पाण्यात तरंगत फिरतात, आणि त्यातली बहुतेक कोणाच्या ना कोणाच्या पोटात जातात. उरलेली तळ गाठतात, तिथेच शिंपला वाढवत मोठी होतात. हा सगळा जुगार चालतो तो तळाला बीज सोडण्याच्या वयाच्या पुरेशा तिसऱ्या असल्या तरच. नखाएवढी तिसरी त्या वयाला अजून पोचलेलीच नसते. ती काढली म्हणजे पुढच्या हंगामाचं बियाणंच आपण जेवलो. शेतकरी बियाण्याच्या भाताला हात लावत नाही. हे आईला कोणी शिकवलं नव्हतं, तिच्या आईने फक्त "भुरगीं" हा शब्द दिला होता.

केरळात हाच नियम कागदावर आला. कोल्लमजवळच्या अष्टमुडी सरोवरात तिसऱ्यांचा मोठा धंदा आहे. अतोनात उपशाने तो धोक्यात आल्यावर शास्त्रज्ञ आणि मच्छीमार एकत्र बसले, लहान तिसरी निसटून जाईल अशी जाळी ठरवली आणि बीज सोडण्याच्या काळात, डिसेंबर ते फेब्रुवारी, काढणं बंद ठेवलं. २०१४ साली या धंद्याला टिकाऊ मासेमारीचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं. भारतातलं असं ते पहिलंच. आपल्याकडे तेच काम आजवर आदोळीवर बसलेल्या बायका करत आल्या. पण आता तिसऱ्या साफ करायला आदोळीवर कोण बसतं?

सगळा दोष काढणाऱ्यांवर टाकणंही बरोबर नाही. तिसरी जे गाळते ते तिच्या अंगात साठतं. गटाराचे जंतू, शिसं, कॅडमियम, विषारी शेवाळाचं विष, काहीही. जंतू उकळून मरतात, बाकीचं उकळून जात नाही. म्हणूनच अमेरिकेत १९८६ पासून किनाऱ्याकिनाऱ्यावरचे शिंपले तपासून पाणी किती घाण झालं ते ठरवतात. आपल्या मांडवी-जुवारीत खनिजाच्या बार्जी वर्षानुवर्षं चालल्या. पाण्यात गाळ फार झाला की कल्ले तुंबतात, तिसरीला श्वासही नाही आणि घासही नाही. पाऊस आला की नदी गोडी होते, तेव्हा तिसरी शिंपले घट्ट मिटून वाट बघते. गोडं पाणी फारच दिवस राहिलं तर बऱ्याच मरतात. गोडसर पाणी खुब्यांना अधिक मानवतं, म्हणून खुबे नदीच्या वरच्या अंगाला आणि तिसऱ्या मुखाकडे. पावसाचं हे संकट तिला पिढ्यान् पिढ्या ओळखीचं आहे. गटाराचं नाही. आपण नदीत जे सोडतो ते ती मुकाट गोळा करते आणि आपल्याच ताटात आणून ठेवते.

शिंपला म्हणजे हिशेबाची वहीच. चांगल्या-वाईट दिवसांच्या रेघा त्यावर उमटत जातात. आइसलँडजवळच्या थंड समुद्रातून २००६ साली शास्त्रज्ञांनी एक शिंपली काढली. तिच्या रेघा मोजल्या तर चारशेवर वर्षं भरली. २०१३ साली पुन्हा नीट मोजल्या तेव्हा ५०७ निघाली. म्हणजे जन्म १४९९ चा! वास्को द गामा कालिकतला उतरला त्याच्या पुढच्या वर्षीचा. अफोंसो द आल्बुकेर्कने गोवा घेतला तेव्हा ती अकरा वर्षांची होती. आमच्या गोव्याचं पोर्तुगीज राज्य आलं, साडेचारशे वर्षं राहिलं, गेलं, मुक्तीनंतरही चव्वेचाळीस वर्षं उलटली, आणि ती आपली तिकडे पाणी गाळत बसलेली. वय कळलं, पण त्या शोधात तिचा जीव गेला. आमच्या तिसरीच्या नशिबी एवढं आयुष्य नाही, दोन-तीन वर्षं मिळाली तरी पुष्कळ. तेवढ्यातच तिला बीज सोडून मोकळं व्हायचं असतं.

जुवारीच्या चिखली खाडीत दुसरी एक शिंपली असते, चपटी, काचेसारखी अर्धपारदर्शक. आपल्या जुन्या घरांच्या आणि चर्चच्या खिडक्यांना तीच बसवलेली दिसते. काच महाग होती तेव्हा तिच्यातून ऊन गाळून घरात यायचं. भिंतींना लावलेला चुनाही शिंपले भाजूनच केलेला. म्हणजे आपलं घर नदीने बांधलं, ताटही तिनेच भरलं. खिडकीच्या त्या शिंपलीला आता वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. तिसरीला संरक्षण काय ते आईच्या आदोळीचं.

असो. रात्री बादलीत डोकावलो तर सात-आठ सोडल्या तर बाकी सगळ्यांनी नळ्या बाहेर काढल्या होत्या. पाण्यावर दिवा पडला तशा झटकन आत ओढल्या. बादलीच्या तळाला चिमूटभर रेव जमली होती.

सकाळी सुकती बघून चिखलीच्या अंगाला गेलो. पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, चिखलात उतरलो आणि बादली आडवी केली. एक पोरगा बांधावरून बघत होता. त्याने विचारलं, "अंकल, सोडतात कित्याक?" उत्तर सुचलं नाही. "ल्हान आसात म्हणून," एवढंच म्हटलं. तो हसला नाही. खाली उतरून माझ्याशेजारी उभा राहिला. काही तिसऱ्या तशाच पडून राहिल्या. दोन-तिघींनी पाय बाहेर काढला, चिखलात खुपसला आणि बघता बघता दिसेनाशा झाल्या.

एका वाट्याने जुवारी भरणार नाही, हे मला कळतं. "नदीला काय फरक पडणार" या माझ्या प्रश्नाचं उत्तर अजूनही माझ्याकडे नाही. पण बाजारात नखाएवढा वाटा दिसला की आता पुढे जातो. मासळीवाली हाक मारते तेव्हा म्हणतो, "बाय, व्हडल्यो आयल्यो काय सांग." पूर्वी ती तोंड वाकडं करायची. परवा म्हणाली, "तुमचे सारके आनीक दोगजाण अशेंच सांगतात."

त्या दिवशी घरी पोचलो तेव्हा आई पेज घेऊन बसली होती. तोंडी लावायला लोणचं.

"सोडल्यो?"

"सोडल्यो."

"पुराय?"

"सात-आठ मेल्ल्यो."

तिने मान हलवली. "फुडल्या वर्सा खांव या," म्हणाली आणि पेजेचा पेला तोंडाला लावला.